ग्राफिक कार्ड वॉरंटीत पाठवायचंय? आधी कार्डच गेलंय का ते बघ

तुझं प्रकरण मला समजलं ते असं. पीसी चौदा महिन्यांचा, ग्राफिक कार्ड ऑनलाइन घेतलेलं, बाकी सगळं गोव्यातल्या म्हापशाच्या दुकानातून, प्रोसेसर इंटेलचा १२४००एफ. पाऊस लागल्यापासून गेम चालू असताना स्क्रीन काळी व्हायची, कार्डाचे पंखे एकदम फुल स्पीडने ओरडायचे आणि मशीन रीस्टार्ट. आता तर डिस्प्लेच नाही. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, ते माझ्याकडचं नाही, तुझं तू बघ. ऑनलाइनवाला म्हणतो रिटर्नची मुदत संपली, सर्विस सेंटरला जा. आणि बॉक्स बाबांनी भंगारवाल्याला दिला. तर वॉरंटी मिळेल का, आणि डिचोलीत बसून ती मिळवायची कशी.

मिळायला हवी. बॉक्स नाही म्हणून सहसा अडत नाही, त्यांना बिल लागतं आणि कार्डावरचा सिरियल नंबर लागतो. पण त्याच्या आधीचा मुद्दा, कार्डच गेलंय हे ठरवलं कोणी? दुकानदाराने दुसरं कार्ड लावून बघितलं का? तू लिहिलंयस त्यात तसं काही दिसत नाही. मी फोंड्यात हेच काम करतो, आणि 'कार्ड गेलं' म्हणून टेबलावर आलेल्या मशीनमध्ये दोष पॉवर सप्लायचा निघाला असं बऱ्याचदा होतं. काळी स्क्रीन, पंखे फुल आणि रीस्टार्ट हे लक्षण दोघांचंही असू शकतं. चुकीचा पार्ट पाठवलास तर तो तीन-चार आठवडे मुंबईत फिरून 'नो प्रॉब्लेम फाउंड' असा शेरा घेऊन परत येणार, वर कुरियरचे पैसे तुझे, आणि पुढच्या वेळी खरंच कार्ड गेलं तर सर्विस सेंटरवाला जुनी एंट्री बघून तुझ्याकडे संशयाने बघणार.

म्हणून आधी घरच्या घरी. तुझा प्रोसेसर एफवाला आहे म्हणजे त्यात आतलं ग्राफिक्स नाही, कार्ड काढून मदरबोर्डाच्या एचडीएमआयला केबल लावलीस तर काहीच दिसणार नाही, आणि मग लोक म्हणतात बोर्ड पण गेला. नाही गेलेला, त्या पोर्टला चित्र देणारा कोणी नाहीच आत. तेव्हा मित्राचं कुठलंही जुनं चालू कार्ड एक दिवस मागून आण, ते तुझ्या मशीनला लाव, आणि तुझं कार्ड त्याच्या मशीनला. दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने केलेली टेस्ट अर्धीच. त्याचा पॉवर सप्लाय तुझ्या कार्डाला पुरेल एवढ्या वॉटचा आहे ना ते बघूनच हां.

एक सावधगिरी. पॉवर सप्लाय मॉड्युलर असेल, म्हणजे केबली मागून सुटणाऱ्या, तर मित्राच्या सप्लायच्या केबली तुझ्या सप्लायला लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण आतली वायरिंग प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची पण वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क, एसएसडी जागच्या जागी खलास, आणि हे कुठल्याच वॉरंटीत बसत नाही. सप्लाय बदलून बघायचा तर केबलींसकट पूर्ण बदल.

सप्लाय तपासायला लोक हिरव्या वायरीला काळीशी जोडून पंखा फिरतो का बघतात आणि 'ओके' म्हणतात. लोडशिवाय पंखा फिरणं म्हणजे काहीच सिद्ध नाही. बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या मध्ये राहायला हवी, आणि ती कार्डावर लोड असताना. मल्टिमीटर असेल आणि हात स्थिर असेल तर बघ, नसेल तर कोणाकडून तरी करून घे. सप्लायचं झाकण मात्र उघडू नकोस, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात, वर सील तुटलं की त्याची वॉरंटी गेलीच.

मशीन मधूनमधून चालू होत असेल तर अजून एक खूण. रंगीत चौकोन, रेषा, ठिपके असलं काही बायोसच्या स्क्रीनवरच दिसत असेल, विंडोज सुरू व्हायच्या आधी, तर ड्रायव्हरचा विषय संपला, तो हार्डवेअरचा दोष आणि बहुतेक कार्डाची मेमरी. फक्त विंडोजमध्ये येत असेल तर आधी सेफ मोडला जाऊन ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाकून बघ. सर्विस सेंटरवाला तेच विचारणार आहे, 'ड्रायव्हर टाकला का', 'दुसऱ्या सिस्टिमवर बघितलं का', आणि दोन्हीला हो म्हणता आलं की संभाषण पटकन पुढे सरकतं.

रॅमचं पण बघून घे, पावसात हा त्रास गोव्यात फार. एक एक स्टिक काढून प्रोसेसरच्या बाजूने मोजून दोन नंबरच्या स्लॉटमध्ये लावून बघ. हवेतल्या दमटपणाने सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, काढून परत लावलं की चालतं. खोडरबर हलक्या हाताने फिरवला तर चालतो पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये जायला नको, आणि मेडिकलमधलं पातळ स्पिरिट वापरू नकोस, त्यात पाणी असतं. आयसोप्रोपिल ९९ टक्केवालं घे. आणि पुढे कधी डीडीआर ५, म्हणजे नवीन पिढीच्या रॅमवाला बोर्ड घेतलास तर एक लक्षात ठेव, बायोस क्लिअर केल्यावर, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग मूळच्या केल्यावर, पहिल्यांदा चालू करताना तो काही मिनिटं काळी स्क्रीन घेऊन बसू शकतो, मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. लोक तीस सेकंदांत बटण दाबून बंद करतात, परत चालू करतात, परत बंद, आणि शेवटी बोर्ड डेड म्हणून पिशवीत घालून घेऊन येतात.

धर की कार्डच निघालं. आता ते कोणाकडे न्यायचं.

आपल्याकडे तीन माणसं असतात, विकणारा, इंपोर्टर आणि कंपनी, आणि तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. विकणारा दुकानदार असेल तर तो बहुतेक वेळा पार्ट ठेवून घेतो आणि आपल्या डिस्ट्रिब्युटरकडे पाठवतो, पण एकेक पार्ट कोणी पाठवत नाही, आठ-दहा जमले की लॉट करतात, म्हणून तुझा पार्ट दोन आठवडे त्याच्या काउंटरखालीच पडलेला असतो आणि तू समजतोस कंपनी उशीर करतेय. त्याला 'कधी येईल' विचारू नकोस, 'कधी पाठवला आणि डॉकेट नंबर (कुरियरच्या पावतीचा नंबर) काय' हे विचार, उत्तर लगेच कळतं. तुझ्या केसमध्ये विकणारा ऑनलाइन, तेव्हा तुला इंपोर्टरच्या किंवा कंपनीच्या सर्विसकडे थेट जावं लागेल. इंपोर्टर कोण हे बॉक्सवरच्या एमआरपीच्या स्टिकरवर छापलेलं असतं, पत्ता आणि कस्टमर केअरच्या नंबरासकट, ते कायद्यानेच लागतं. बॉक्स नसला तर बिलावरच्या विक्रेत्याला मेल करून विचार किंवा कंपनीच्या भारतातल्या साइटवर सिरियल नंबर घालून बघ, बऱ्याच कंपन्या तिथेच वॉरंटी कधी संपते ते दाखवतात आणि तिकीट, म्हणजे तक्रारीचा नंबर, पण तिथूनच काढता येतं. ग्राफिक कार्डाला आपल्याकडे बहुतेक तीन वर्षं असतात, तू चौदा महिन्यांवर आहेस, घाबरायचं कारण नाही.

काहींचं कलेक्शन सेंटर पणजीत किंवा मडगावात असतं, काहींचं इथे काहीच नसतं, मग मुंबई किंवा पुणे. आधी फोन लावून विचार आणि फोनवर जे सांगितलं ते मेल करून परत लिहून पाठव, 'आज तुमच्याशी बोललो, तुम्ही अमुक सांगितलं'. फोनवरचं बोलणं कोणी मान्य करत नाही नंतर.

गोव्यात अजून एक भानगड, ती तुझी नाही पण वाचणाऱ्यांपैकी कोणाची तरी असेल. दुबईहून, मस्कतहून काका किंवा मामेभाऊ येताना कार्ड घेऊन येतो, तिथे स्वस्त मिळालं म्हणून. ग्राफिक कार्ड आणि मदरबोर्डाची वॉरंटी बहुतेक त्या त्या देशापुरती असते. इथला इंपोर्टर सिरियल बघून सरळ सांगतो, आम्ही आणलेलं नाही. मग एकच रस्ता, पुढच्या सुट्टीनंतर परत जाणाऱ्याच्या बॅगेत. प्रोसेसरचं पण बिल बघून घ्यायचं, कंपनीच्या बॉक्समधला आणि ट्रे वाला, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा विकलेला, यात फरक असतो. इंटेलच्या बॉक्सवाल्याला कंपनीची तीन वर्षं, ट्रेवाल्याला कंपनी थेट दारात उभं करत नाही, विकणाऱ्याकडे जा म्हणते. हजार-दोन हजार वाचले म्हणून ट्रे घेणाऱ्यांना मी आधीच हे सांगतो, तरी घेतात. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत व्होल्टेजच्या घोळाने क्रॅश व्हायची भानगड झाली होती, तेव्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यातल्या ठरावीक मॉडेलांना वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली. म्हणजे तसला प्रोसेसर असलेल्या कोणाचं मशीन विनाकारण पडत असेल तर तीन वर्षं झाली म्हणून गप्प बसू नका, आपलं मॉडेल त्या यादीत आहे का ते बघा आणि विचारा. तुझा बाराव्या जनरेशनचा आहे, तुला हे लागू नाही.

आता मुख्य. क्लेम रिजेक्ट कशामुळे होतो. 'फिजिकल डॅमेज' हा एक शब्द आहे त्यांच्याकडे आणि त्यात ते सगळं कोंबतात. पार्ट काउंटरवर ठेवला की पहिलं काम तो चालतो का बघणं हे नसतंच, भिंग लावून बघणं असतं. कार्डाच्या कडेला ओरखडा, जळाल्याचा डाग, स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं, सिरियलचा कागद निघालेला. आणि आपल्या किनारपट्टीचा खास, गंज.

गंजाचं जरा सविस्तर सांगतो कारण मुंबई-पुण्याच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. कळंगुट, बागा, वास्को, जिथे वारा समुद्रावरून थेट खिडकीत येतो तिथे मिठाचा अंश कॅबिनेटमध्ये जातोच. कार्डाच्या मागची पत्र्याची पट्टी तांबूस होते, अ‍ॅल्युमिनियमच्या पंखांवर पांढरी भुकटी येते, सोल्डरच्या आसपास हिरवट डाग. यातलं पट्टीवरचं तांबूस बहुतेक लोक चालवून घेतात, पण बोर्डावरचा हिरवा डाग दिसला की 'लिक्विड डॅमेज' असा शेरा मारतात, आणि तू पाणी सांडलं नाही हे सिद्ध करायचं कसं? डिचोली तशी आत आहे, तुझ्याकडे मीठ कमी, पण पावसाळ्यातला दमटपणा आहेच. त्यात आपली माणसं काय करतात, पाऊस लागला की पीसीवर प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवतात. आतली ओल आतच राहते. त्यापेक्षा रोज तासभर मशीन चालू ठेवलं तर त्याच्याच उष्णतेने कोरडं राहतं, एवढं साधं आहे ते.

दमटपणाने अजून एक होतं, सिरियलचं स्टिकर. छपाई फिकी पडते, कोपरे सुटतात, आणि नंबर वाचता येत नसेल तर कार्ड कितीही खरं असलं तरी त्यांच्या लेखी ते अनोळखी. म्हणून आजच, हे वाचून झाल्यावर, कार्ड बाहेर काढून त्या स्टिकरचा स्पष्ट फोटो घे. बिलावर तोच नंबर छापलेला आहे का बघ. नसेल तर विक्रेत्याला मेल करून नंबरासकट बिल माग, ऑनलाइनवाले पुष्कळदा नंबर घालत नाहीत.

फोटो कसे काढायचे तेही सांगतो, कारण रिजेक्ट झाल्यावर भांडायला हेच लागतं. कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेव, पुढून, मागून, चारही कडा, सोनेरी दात, पॉवरचा कनेक्टर जवळून. कनेक्टरच्या प्लास्टिकवर पिवळटपणा किंवा वितळल्याची खूण असेल तर ती लपवायला जाऊ नकोस, उलट तीच तुझी तक्रार होऊ शकते, केबल पूर्ण आत बसली होती का हा प्रश्न येईल एवढंच. मग एक व्हिडिओ, न थांबवता एकाच शॉटमध्ये: सिरियलचं स्टिकर, कार्ड मशीनमध्ये बसवणं, पॉवर लावणं, बटण, आणि जे होतं ते. कापाकापी नको. तुझा आधी होता तसा अधूनमधून येणारा दोष असेल तर हा व्हिडिओ सोन्यासारखा, कारण सर्विस सेंटरमध्ये एसीत, उघड्या बेंचवर ते थोडा वेळ चालवून बघतात, आणि तुझं मशीन बंद कॅबिनेटमध्ये, उकाड्यात, अर्ध्या तासाने पडतं. तिथे चालणारच ते.

व्हिडिओबरोबर एक कागद. 'कार्ड खराब आहे' असं लिहू नकोस, काय केल्यावर काय होतं ते लिही: गेम सुरू केल्यावर साधारण वीस मिनिटांनी स्क्रीन काळी होते, पंखे पूर्ण वेगाने फिरतात, मशीन रीस्टार्ट होतं, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या पॉवर सप्लायवर हेच होतं, माझ्या मशीनवर दुसरं कार्ड व्यवस्थित चालतं. आकडे अर्थात तुझे जे असतील ते घाल. कागद इंग्रजीत लिहिलास तर बरं, तिकडचा इंजिनिअर मराठी वाचेलच असं नाही. ओव्हरक्लॉक केलं असशील, म्हणजे कार्डाचा वेग ठरल्यापेक्षा वाढवला असशील, तर आधी सगळं नॉर्मलला आण, आणि कोणी क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं सेकंड हँड कार्ड गळ्यात मारलं असेल तर ते वेगळं दुखणं.

मदरबोर्ड पाठवायची वेळ आली कोणावर तर सगळ्यात जास्त रिजेक्ट कशावर होतात सांगतो, सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेची, पिन. तुझ्या बोर्डात १७०० पिना आहेत, एएमडीच्या नवीन एएम ५ मध्ये १७१८, आणि त्या बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. एक वाकली तरी क्लेम गेला. तपासायचं असं: खोलीतला दिवा बंद, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरायचा, वरून नाही, आणि दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघायचं. सगळ्या पिनांची टोकं एका रेषेत चमकतात, शेतात लावणी केलेल्या रोपांसारखी, आणि वाकलेली असेल तिथे ती चमक तुटते किंवा वेगळ्या दिशेला जाते. मग त्याचा फोटो, आणि लगेच सॉकेटवर प्लास्टिकचं काळं झाकण. हे झाकण प्रोसेसर बसवताना निघतं आणि लोक कचऱ्यात टाकतात, मग बोर्ड पाठवताना त्याच्याशिवाय घेत नाहीत. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी जवळच्या असेंबल करणाऱ्याकडे मागा, आमच्या खणात पडलेली असतात, पैसे पण कोण घेत नाही. म्हापशाच्या त्या दुकानात पण मिळेल, फक्त आपल्याच सॉकेटचं बघून घ्यायचं.

एसएसडीचं दोन वाक्यांत. वॉरंटी वर्षांची असते आणि लिहिलेल्या डेटाची पण, जे आधी संपेल ते, उदाहरणार्थ सॅमसंगची ८७० ईव्हीओ एक टीबीवाली पाच वर्षं किंवा ६०० टीबी लिखाण. आणि डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, त्यातले फोटो त्यांच्या हातात जायला नको असतील तर चालू आहे तोवरच पुसा किंवा विचार करून पाठवा.

पॅकिंग. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी, साधी प्लास्टिकची नको. नसेल तर कॉम्प्युटरच्या दुकानात जुनी मिळते. त्यावर बबल रॅप दोन-तीन फेरे, मग पुठ्ठ्याचा घट्ट बॉक्स, आत काही हलता कामा नये, हलवून बघ, आवाज आला तर परत भर. थर्मोकोलचे दाणे थेट पार्टाला लागू देऊ नकोस. सगळ्यावर बाहेरून जाड प्लास्टिक आणि टेप, जुलैचा पाऊस आणि अनमोड किंवा आंबोलीचा घाट, गाडीच्या टपावर काय होईल सांगता येत नाही. तिकीट नंबर बाहेर मोठ्या अक्षरात आणि आतल्या कागदावर पण. स्क्रू, केबली, राइजर असलं काही जादा पाठवू नकोस, परत येत नाही.

आपल्याकडे रात्रीच्या मुंबईच्या बसला पार्सल द्यायची सवय आहे, ड्रायव्हरला पैसे आणि तिकडे कोणीतरी उतरवून घेतं. भाऊ तिकडे उभा असेल तर ठीक, एक रात्रीत पोचतं. पण पावती नाही, विमा नाही, आणि सर्विस सेंटरला तुझ्या कार्डाची पोच द्यायला कोणी बांधील नाही. मी तरी कुरियर किंवा स्पीड पोस्टच सांगेन, किंमत लिहून आणि विमा काढून. रिव्हर्स पिकअप, म्हणजे कंपनीच घरून पार्ट उचलून नेते ते, देतात का हे आधी विचार, काही कंपन्या देतात आणि तुझे पैसे वाचतात.

तिकडे पोचलं की जॉब शीट, म्हणजे पार्ट जमा केल्याची पावती, माग, मेलवर. त्यावर पार्टाची अवस्था काय लिहिली आहे ते वाच, 'स्क्रॅच ऑन पीसीबी' असं काही नसताना लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी फोटो जोडून हरकत घे. महिन्याने घेतलेली हरकत कोणी वाचत नाही. स्वतः काउंटरवर देत असशील तर समोर लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस, रांग लागलेली असली तरी.

बदली काय मिळेल? बहुतेक वेळा दुरुस्त केलेला किंवा रिफर्बिश्ड, नवा कोरा क्वचित. त्यावर वॉरंटी तुझी जी उरली आहे तीच पुढे, काहींकडे निदान तीन महिने तरी असं असतं. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच ताकदीचं दुसरं किंवा क्रेडिट नोट, म्हणजे पार्टाऐवजी तेवढ्या रकमेचा कागद, आणि इथे सावध. क्रेडिट नोट तुझ्या जुन्या बिलाच्या भावाने, कधी घसारा कापून. भाव उतरलेले असताना ते परवडतं, चढलेले असताना नाही. रॅमचं २०२५ च्या शेवटी काय झालं बघितलंस ना, एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला आणि भाव कुठच्या कुठे गेले, मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल ब्रँडचा किरकोळ धंदा बंद करतो म्हणून जाहीर केलं, वॉरंटीची सेवा चालू ठेवू असं सांगून. अशा वेळी जुन्या भावाचे पैसे घेणारा फसतो, त्या पैशात अर्धी स्टिक येत नाही. वॉरंटीच्या अटींत बदलून देण्याचं लिहिलं असेल तर बदलूनच माग, लेखी.

आणि ऐकलंच नाही तर. ऑनलाइन विक्रेता हात झटकत असेल तर त्या साइटच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला लिही, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याला ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यावा लागतो. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. माझ्या अनुभवात ही पायरी बरीच कामं करते, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिथे जोडलेल्या आहेत आणि तक्रार थेट त्यांच्याकडे जाते, आठवडे थंड पडलेलं तिकीट अचानक हलायला लागतं. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९ च्या कायद्याने तू राहतोस तिथे तक्रार करता येते, विक्रेता बंगळुरूचा का असेना. तुझ्यासाठी उत्तर गोव्याचा. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, ऑनलाइन पण दाखल होते, मुदत दोन वर्षं. एक खोच आहे, इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घ्यायला, बिल कंपनीच्या जीएसटी नंबरावर घेतलं असेल तर समोरचा 'व्यावसायिक वापर, हा ग्राहकच नाही' म्हणून उभा राहतो. तू विद्यार्थी, तुझ्या नावाचं बिल, तुला हा त्रास नाही. पण तीस हजारांच्या कार्डासाठी आयोग म्हणजे तारखा आल्याच, तेव्हा आधीच्या पायऱ्या नीट चढ.

अजून एक, आणि हे कार्ड बदलून आलं तरी सुटणार नाही. घरातलं अर्थिंग. तुझं घर जुनं चिऱ्यांचं असेल तर अर्थिंगचा खड्डा कधी भरलाय ते कोणाला तरी विचार, आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये सुकली की अर्थ नावालाच राहतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घे, दोन-तीनच्या वर जात असेल तर आधी ते. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा मेन प्लग काढतोस आणि लॅनची केबल तशीच राहते, मग बोर्डाचा लॅन पोर्ट जातो, आणि वीज पडून गेलेलं कुठलीच कंपनी देत नाही. फायबर असला तरी राउटरपासून पीसीपर्यंत तांबंच आहे.

पाठवायचं तर लवकर पाठव, चवथीच्या आठवड्यात इथलं कुरियर, दुकान, कोणीच हाताला लागत नाही आणि मुंबईत पण गणपतीच असतो. कार्ड परत आलं की डिलिव्हरीवाला असतानाच बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ घे, नवीन सिरियल नंबर चलनावर आहे का बघ, आणि चलन जुन्या बिलाला स्टेपल करून ठेव, कारण यापुढे ते बिल एकटं चालणार नाही. मग तीन-चार दिवस बंद कॅबिनेटमध्ये भरपूर चालव, नुसतं डेस्कटॉप आलं म्हणून ठेवून देऊ नकोस, रिफर्बिश्ड पार्टात दोष असला तर बहुतेक पहिल्या आठवड्यात दिसतो आणि तेव्हा तेच तिकीट परत उघडून घेता येतं. मधल्या काळात मित्राच्या कार्डावर त्याच वेळेला मशीन पडलं तर मात्र काहीही पाठवू नकोस, सप्लायचं मॉडेल आणि त्याच्यावरचं स्टिकर फोटो काढून इथे टाक, मग त्याचं बघू, तो तर म्हापशाच्याच बिलावर आहे.